बांध्या

साकोलीच्या पुढं, तलावाच्या पाळीखाली
माझं एक शटर आहे.
आत एक कम्प्युटर, इन्व्हर्टर, लॅमिनेशनचं यंत्र,
भिंतीवर मागच्या मंडईतल्या नाटकाचं पोस्टर.
त्यातली नटी अजून रडतेच आहे.

लोकांना वाटतं, कम्प्युटर एक आहे.
मी त्याच्यात बांध्या पाडल्यात,
धानाच्या वावरात पाडतात तशा.
मधे धुरा, प्रत्येकीत आपापलं पाणी.
एकीत नुसती बँक. तिथं मी गाणंसुद्धा लावत नाही.
एकीत सातबारे, दाखले, पोरांचे स्कॉलरशिपचे अर्ज.
एकीत माझे पिक्चर, बहिणीच्या बाळाचे फोटो.
एक अगदी कोरडी. बाहेरचं वारं तिला माहीतच नाही.
चाव्या तिच्यात.
खिडक्यांना चौकटी रंगवल्यात: हिरवी, पिवळी, लाल.
लाल म्हणजे इथं काहीही होऊ शकतं.

आधी असं नव्हतं. सगळं एकच रान.
लग्नातल्या डीजेवाल्याचा पेनड्राइव्ह आला
आणि सकाळी दीडशे अर्जांना कुलूप.
पडद्यावर इंग्रजीतून पैसे मागणारं कोणीतरी.
शेवटच्या तारखेला चार दिवस होते.
घरोघर फिरून पुन्हा कागद गोळा केले.
कोणी रागावलं नाही.
तेच जास्त लागलं.

परवा दुधराम कापगते आला.
चुन्याच्या डबीतून पेनड्राइव्ह काढला, फुंकला.
"पोराच्या पगाराचा कागद हाय म्हंते, बाई.
ब्यांकेले पायजे."
मी लाल चौकटीतली एक खोली उघडली,
या एका फाइलीपुरती जन्मलेली,
तिच्यासोबतच जाणारी.

कागद उघडला. कागदामागून दुसरंही काही उठलं.
त्यानं दारं चाचपली. रिकाम्या खोलीलाच गाव समजलं.
होत्या-नव्हत्या तीन फाइली कुलूपबंद केल्या
आणि पैसे मागत उभं राहिलं.
मी थोडा वेळ पाहत बसले,
बरणीतला साप पाहावा तशी.
मग खिडकी मिटली.

दुसऱ्या खोलीत त्या कागदाचं नुसतं चित्र केलं,
ठिपक्या-ठिपक्यानं,
आणि चित्र तेवढं धुऱ्यावरून पलीकडं दिलं.
दुधराम म्हणाला, "तो आतला मेला का?"
म्हटलं, तो जिथं होता ती जागाच उरली नाही.
"मंग झाडझुडीचे पैसे नका लावू," म्हणाला.

बाबांना मात्र हे सांगताना अडखळले.
'वेगळं' हा शब्द ऐकला की त्यांची मान अजून ताठ होते.
मालगुजाराच्या वळचणीला उलटा खोचलेला पेला
त्यांच्या बापाचा होता.
"मेश्रामाच्या पोरीनं भिंती घातल्या?" म्हणाले.
म्हटलं, ही भिंत आडनाव विचारत नाही, बाबा.
सरपंचाच्या फाइलीवर जेवढा संशय,
तेवढाच माझ्या स्वतःच्या.
आणि आत ठेवतो त्याला कोणी नीच म्हणत नाही,
अनोळखी म्हणतो, एवढंच.
ते काही बोलले नाहीत.
माझ्या कपात उरलेला चहा पिऊन टाकला.
पटलं की थंड होत होता म्हणून,
विचारलं नाही.

पण धुरा म्हटला की खेकडा आलाच.
मागच्या बुधवारी, झोपेच्या भरात,
बँकेचा पासवर्ड मी कॉपी केला
आणि चिकटवला लाल चौकटीत.
कोणी घुसलं नव्हतं. मीच भोक पाडलं,
माझ्याच दोन बोटांनी.
रात्री दोनला उठून सगळं बदललं.
पाळीवर बेडकं ओरडत होती.

आता शटर ओढायच्या आधी
एकेक खिडकी पाहते, रंग मोठ्यानं वाचते,
बाबा संध्याकाळी धुऱ्यावरून चालायचे तशी,
खाली बघत,
पायाच्या अंगठ्यानं ओल चाचपत.